वीट फिरते, सरकत नाही

"हॅलो? … कोन, दिपाली? बरं झालं बाई तूच फोन केला! … नाई नाई, सगळं ठीक हाय. तुह्या बाबाचा गेम बिघडला, म्हनून सकायपासून घर डोक्यावर घेतलं त्यायनं."

पुणे लांब, म्हणून यशोदाबाई फोनवर ओरडूनच बोलत. लेक तिकडे मोबाईलवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. दिवसभर खेळायचं आणि गेममध्ये कुठे चूक राहिली ते शोधायचं, हे तिचं काम. खेळायचा पगार मिळतो यावर त्यांच्या गावात, बोरगाव मेघेत, अजून कोणाचा विश्वास नव्हता. गेल्या दिवाळीत तिने वडलांना हातात धरून खेळायचा विटांचा गेम आणून दिला, आणि प्रभाकरराव, किराणा दुकानाचे पासष्टीचे मालक, गिऱ्हाईक समोर उभं असतानाही विटाच रचत बसायला लागले.

"अवं ऐक ना… हो, हो, सेल नवेच टाकले… नाई, पडला नाई… बरं, पडला. दोनदा पडला, आज सकायीच. … तूच तं आनून देल्ला हा ताप! अन् वरून सांगते, पुढं हे डब्बे कोनी घेनार नाई, सारे गेम फोनातच येतीन, खेयनारा कसा हाय तेबी गेमले समजन! बाबा म्हनते, मले डब्बाच पायजे. … काय बिघडलं म्हंजे? वीट फिरते, सरकत नाई. … हो, फिरते. मधातच उभा ढीग होते अन् खेय खतम. … उजव्या हाताचं मोठं बटन चालते. डावीकडची चारही मेली, असं म्हनते ते. … मी? मले कुठं येते! … बरं बाई, दाबते."

फोनची वायर ताणत यशोदाबाई खिडकीजवळच्या दिवाणापर्यंत, नवरा बसला होता तिथे, गेल्या. हा माणूस आपला गेम सहजासहजी कोणाला देणारा नव्हे. आज मात्र न ओढताच गेम त्याच्या डाव्या हातातून सुटून आला.

"दाबलं… सरकली! सरकली ना वं! इकडेबी, तिकडेबी! … अवो, चांगला तं हाय, उगाच बोंबलून राह्यले! … बाबा म्हनते, नाईच चालत. … दिपाली? … हॅलो? हाय ना लाइनवर?"

यशोदाबाईंनी रिसीव्हर दोनदा झटकला.

"हं, बोल. एवढी हळू काऊन बोलून राह्यली? … जेवले ना, आत्ताच. दुकान आज उघडलंच नाई. … काय खाल्लं? हे काय इचारनं झालं! वरन-भात खाल्ला, भाजी खाल्ली. अन् मलेच बोलले, ठेचा काऊन नाई वाढला म्हने. म्या म्हटलं, वाढला ना जी, डोये फुटले का? … हो, ताटातच. … कुठं म्हंजे? ठेचा कुठं वाढते मानूस? डाव्या अंगाले, मिठाजवय. … थांब, पाह्यते. … तसाच हाय. ठेचा, लिंबू, कांदा… काईच नाई शिवलं."

चाळीस वर्षांत या माणसाचा घास ठेच्याशिवाय उतरला नव्हता. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावी वाढली तशीच. ते ताट यशोदाबाईंना बघवेना.

"दिपाली, मले भेव लागून राह्यलं वं. … तोंड? नाई, वाकडं नाई… थोडंसं… मले नाई समजत बाई! … अन्नपूर्णाआत्याले झालतं तसं? लकवा? … माय वं, असं नको बोलू! … हो… हो, इचारते. रडत नाई मी, तूबी रडू नको. … अवो, इकडे पाहा जी. दोन्ही हात वर करा बरं. … दिपाली म्हनते म्हनून करा."

बायकोच्या खुळेपणाला हसत प्रभाकररावांनी उजवा हात वर केला. डावा मांडीवर पालथा पडून होता.

"दोन्ही, जी… दिपाली, ते म्हनते, दोन्हीच तं केले."

यशोदाबाई तिथेच दिवाणाच्या कडेला बसल्या.

"काल? काल चांगले होते वं, गेममधी बाराशे पॉइंटच्या वर गेले म्हनून मले सैपाकघरात येऊन दाखवलं. … आज साडेसातले पडला डब्बा पहिल्यांदा. … हो, साडेसात. डॉक्टरले पहिले तेच सांगते. … अन् मी भाकरी थापत बसली! त्या मेल्या डब्ब्याले समजलं, मले नाई समजलं, दिपाली! … बरं. बरं, नाई रडत. शेजारच्या भैय्याजीची व्हॅन दारातच हाय. … पन हे येतीन का? मले काई झालं नाई म्हनून राह्यले, आइकून राह्यली ना? दवाखान्याचं नाव काढलं तं अजून हट्टाले पेटतीन. … थांब. मीच सांगते बराबर."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. गेम उचलून नवऱ्याच्या हातात दिला, उजव्या.

"अवो, उठा. दिपाली म्हनते, बटनच बिघडलं. भैय्याजीसंग जाऊन आत्ताच दुरुस्त करून आनू. … हो जी, तुमचंच बराबर होतं. मीच येडी. … राहू द्या, चप्पल मी घालून देते. … दिपाली, उठले वं. ठेवते."