बिनटाळीची थोबाडीत

— नको, चहा नको, आणि आधी ते संगीत बंद करा. आमच्या पडापडीच्या विनोदी खेळाला संगीत लागत नाही हो, लोकांचं हसू लागतं — तेही त्याच खोलीतलं, वरून चिकटवलेलं नाही. तुमचा धंदा तुम्हाला कळतो, मी कुठे नाही म्हणते? पण माझी हयात स्टेजवर आपटण्यात गेली, एवढं तर बोलू द्या. बुकिंग देणारा माणूस व्हिडिओ कसा बघतो? जेवता जेवता. एका हातात घास, एका हातात फोन. त्याला तुम्ही उडणारी अक्षरं आणि मंडळाचं नाव दाखवत बसलात की तो गेलाच पुढच्याकडे. सुरुवातीलाच कुणीतरी धाडकन पडलं पाहिजे. नाव काय, शेवटी टाका, फोन नंबरच्या वर. दीड मिनिटात संपवा. पोट भरलं की माणूस बघत नाही, भूक राहिली की फोन करतो.

तर आता नवा व्हिडिओ. खेळ तोच, हॉटेलातला — सूनबाई वेटर, आणि गिऱ्हाईक मी. हो, मी! या वयात. गुडघे कुरकुरतात, पण पडताना नाही, उठताना. मुलगा? तो नाही यात. हाताला प्लास्टर आहे त्याच्या. जिन्यावरून पडला. — हसलात ना? बरोबर आहे तुमचं. ज्याला चालायच्या आधी पडायला शिकवलं, तो जिन्यावरून कसला पडतोय.

बरं, तो जुना लावा, ज्यात गिऱ्हाईक माझा मुलगा होता. तुम्ही काढलेला. लावा हो, मला बघवतो आता. मी त्या दिवशी नव्हते, शिंप्याकडे गेले होते कपडे आणायला, नाहीतर — थांबा. इथे. मागे घ्या थोडं. आता सूनबाईचे हात बघा. कुठे आहेत? ट्रेवर. दोन्ही. आता आवाज ऐका. — ऐकलात? थोबाडीत मारायची रीत काय असते ठाऊक आहे का तुम्हाला? मारणाऱ्याचा हात गालापाशी येऊन नुसता निसटतो, आणि आवाज देतो मार खाणारा, टाळी वाजवून. ट्रे टाकायचा, कप फुटायच्या आत छातीशी टाळी, की लोक खुर्चीतून उडतात. इथे तिचे हात ट्रेवरच. मग टाळी कोणी वाजवली? गालाने. आणि तुम्ही कॅमेरा कुठे ठेवलात? बाजूला! बाजूने हात आणि गालामधली फट दिसणारच ना! गिऱ्हाइकाच्या पाठीमागे ठेवला असता तर काही दिसलं नसतं. पण तुम्ही काय म्हणालात? 'खोटं वाटतंय, जरा खरं होऊ द्या.' म्हणालात की नाही? सूनबाईने सांगितलं मला. आधी सांगत नव्हती, कानाला सर्दी झालीय म्हणायची. डॉक्टर म्हणाला, पडदा फाटलाय. आता डाव्या बाजूने हाक मारली की ती उजवीकडे बघते.

मी मुलाला विचारलं. स्वयंपाकघरात उभा होता, फोनवर हाच व्हिडिओ बघत. म्हणाला, आई, लोकांना आवडलंय, तारखा मिळतायत. मी म्हटलं, तिचा कान? तर म्हणतो, 'दोन आहेत ना.' — असंच्या असं. हसत. त्याच्या बापाचं हसणं. माझं हे नाक बघा. हे पडून नाही झालेलं. लोक तेव्हाही हसले होते, पोट धरून, आणि मीही उठून वाकून नमस्कार केला होता रक्त गिळत. तर शेगडीवरचा तवा — आमचा खेळातला पत्र्याचा असतो, हा लोखंडी — मी उचलला आणि एकदा घातला. हात आडवा घातला त्याने, डावा, तो मोडला. कडकन. एकदाच मारला मी. — म्हणजे दोनदा. नाही, खोटं कशाला बोलू, मोजलं नाही. खाली पडला तरी मारत होते. पाठीवर, मांडीवर. त्याला पडायचं कसं ते मीच शिकवलेलं, तेव्हा तो कुठे वळणार हे मला आधीच कळत होतं, तिथेच तवा. सूनबाईने मागून मिठी मारून ओढलं मला, म्हणून वाचला. ती रडत होती. मी नव्हते रडत. मला — सांगू? — हलकं वाटत होतं. तुम्ही खुर्ची मागे का घेताय? तुम्हाला मारायला नाही आले मी.

एवढंच करा. हा व्हिडिओ पुसा. माझ्यासमोर, जिथे जिथे टाकलाय तिथून. तिला रस्त्यात लोक ओळखतात आणि गालावर हात ठेवून हसतात हो. लहान पोरीसुद्धा. पुसा. — का? — का नाही? — कोणी नको म्हटलं? तो आला होता? इथे? सकाळी? प्लास्टर घेऊन?

व्हिडिओ नेला? काय करायचाय त्याला तो?

मुलीला दाखवायला? कुठली मुलगी?

नाही, मला नाही ठाऊक. घरी येतच नाही तो तेव्हापासून. नीट सांगा, तोंडातल्या तोंडात नको. — नवी जोडीदारीण. नाचाच्या वर्गातली. वय काय तिचं? — अरे देवा. आणि तुम्ही शूटिंग घेणार होतात? — आज? — कुठे, वरच्या हॉलमध्ये? म्हणजे ती आत्ता तिथे आहे. त्याच्याबरोबर, एकटी. तालीम करायला.

आणि तुम्ही मघापासून मला चहा विचारताय.

सरका. दार सोडा म्हणते ना. कॅमेरा राहू द्या इथेच.