ए दिल्या, धर!

म्हातारे खेळाडू काढून टाका म्हणताय व्हय? आमचं ऐका मग. दौंडच्या आमच्या बास्केटबॉल टीममधी दिलीपआप्पा पन्नाशीचे. गुडघे गेलेले, पण नेम अजून तसाच. म्हणून मी आप्पांना बास्केटजवळ उभं केलं आन् भोवतीनं पळायला चार नवी पोरं घेतली. त्यातला एक आप्पांचाच जावई, खुटबावचा.

शिरूरबरोबर पहिली मॅच. जावई बॉल घेऊन यायचा, थांबायचा आन् विचारायचा, "मामा, देऊ का?" तेवढ्यात शिरूरचं पोरगं बॉल घेऊन पसार! असं चारदा झालं.

हाफटाइमला आप्पा तापले. "पंगत हाय का ही, आग्रह करायला? कोर्टावर मी मामा न्हाई. 'ए दिल्या' म्हणायचं आन् फेकायचं!"

जावई तोंडातल्या तोंडात 'दिल्या, दिल्या' घोकतच कोर्टावर गेला.

शेवटचे काही सेकंद उरले, आम्ही एका पॉइंटनं मागं. जावई डोळे मिटून बोंबलला, "ए दिल्या, धर!" आप्पांनी जागेवरनंच बॉल आत टाकला. जिंकलो!

जावई नाचतच आला. "दिल्या, काय टाकलास रं!"

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शिट्टी वाजली, जावईबापू. आता मामा."