वॉरंटी घालवलीस

बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून नानांनी तिचा लॅपटॉप उघडला नव्हता. आज उघडला, तर सुरूच होईना. दुरुस्ती केंद्राच्या रांगेत त्यांच्या पुढे एक जोडपं होतं.

“सांगा ना त्यांना, स्वतः उघडलात ते.”

“फक्त रॅम वाढवली गं!”

“आणि उरलेला स्क्रू खिशात घेऊन फिरताय.”

“वॉरंटी गेली का हो, ताई?”

“रॅम वाढवल्याने जात नाही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “उघडताना काही मोडलं असेल, तर तेवढं तुमच्या अंगावर.”

“ऐकलंस? उगाच घाबरवलंस.”

“आधी तो स्क्रू द्या त्यांना.”

नानांचा नंबर आला.

“आमच्या हिनेही रॅम स्वतःच बसवली होती. वॉरंटी घालवलीस, म्हणून मी वर्षभर चिडवायचो. ती म्हणायची, असं काही नसतं.”

“नाही हो काका, आहे की वॉरंटी.”

तिचंच बरोबर होतं, हे तिला सांगायचं राहून गेलं.