पाठ केलेली शेवटची ओळ

मी, ओळखपत्र दाखवून हजर झालेला बस कंडक्टर, वय ४६ वर्षे, राहणार बस डेपोमागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमची बस बाजाराच्या थांब्याजवळ फुटपाथवर चढली. तेथे उभ्या असलेल्या एका बाईंचा पाय मोडला. बसचे ड्रायव्हर माझ्या बहिणीचे यजमान आहेत. मी त्यांना दाजी म्हणतो. ते उतरताना झोकांड्या खात होते व त्यांना उलटी झाली, म्हणून ते दारू प्यायले होते असे प्रवाशांनी लिहून दिले आहे. दाजी दारू पीत नाहीत. त्यांना दिसत नव्हते. हे मला माहीत होते.

दोन महिन्यांपासून त्यांचे डोके मागून ठणकत असे व डोळ्यांपुढे अंधारून येई. "चाळिशी लागली, दुसरं काय," असे मी म्हणालो. "बावन्नाव्या वर्षी?" असे ताईने विचारले. चष्मा घेतला. तीन आठवड्यांत काचा बदलल्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता.

मागच्या सोमवारी डेपोत डोळ्यांची तपासणी होती. तेथील अक्षरांचा तक्ता अकरा वर्षे बदललेला नाही. शेवटची ओळ बहुतेक ड्रायव्हरांना पाठ आहे. दाजींना नव्हती, कारण त्यांना कधी गरज पडली नव्हती. आदल्या दिवशी मी ती त्यांच्याकडून घोकून घेतली, सुलटी आणि उलटी. चहा गाळता गाळता ताईचीही पाठ झाली. तपासणाऱ्यांनी "नजर घारीची आहे हो!" असे म्हणून कागदावर सही केली. आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

त्यानंतर डावीकडे माणूस दिसला की मी दाजींना एक लांब घंटी देत असे. आज गर्दीत मी मागे तिकिटे देत होतो. घंटी दिली नाही. आठ दिवस दोघांचे डोळे मी एकटा वापरत होतो व दमलो होतो. ही सबब नाही.

रुग्णालयात नर्सबाईंनी दाजींचे बीपी दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा त्यांना यंत्रच बिघडले असे वाटले. वरचे दोनशे तीस, खालचे एकशे चाळीस. डॉक्टरांनी डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिले. "आत सूज आहे, रक्त उतरलंय. चष्म्यानं काय होणार? दोन महिन्यांत बीपी कुणीच नाही पाहिलं?" कुणीच पाहिले नव्हते. नजर किती परत येईल ते आज सांगता येत नाही. मी खाटेजवळ उभा होतो. दाजींनी मला आवाजावरून ओळखले.

दाजींच्या नावापुढे दारू लिहू नये, एवढीच विनंती आहे. बाईंच्या पायाला मीही जबाबदार आहे. माझी नोकरी जाईल हे मला समजते.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी कागद मागून घेऊन स्वतः वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे व खरा आहे. शेवटची ओळही पाहूनच वाचली आहे.