लाखातली उरलेली वात

मंडळी, एक सांगा. सगळ्यांना सारखं वाटून झालं आणि तरी काही उरलं, तर ते उरलेलं कुणाचं? बोला की! प्रसाद वाटताना तर अगदी पुढे असता!

ऐका. कोकणात एका गावी द्वारकाबाई होत्या. धाकट्या मुलाच्या तापात त्यांनी नवस केला — 'देवा, हा बरा होऊ दे, माझ्या हातानं लाख वाती वळून तुझ्यापुढे लावीन.' मुलगा बरा झाला. पण वाती वळायच्या आधीच बाईंच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला.

सुना तिघी, आणि तिघी गुणाच्या. म्हणाल्या, "सासूबाई, तुम्ही नुसत्या बसा. आम्ही वळतो."

बाई बसल्या. कापसाकडे बघत बसल्या. नवस आपला आणि हात दुसऱ्यांचे, हे त्यांना आतून खात होतं, पण बोलायचं कुणाला?

इकडे सुनांनी वाटण्या केल्या. पुण्य कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको! लाखाला भागिले तीन. प्रत्येकीला तेहतीस हजार तीनशे तेहतीस. आणि उरली एक!

आता बुवा गणित सांगतात, हसू नका. एकावर पाच शून्यं. अंकांची बेरीज किती? एक. म्हणून तिनानं भागलं की एक उरणारच. आणखी शून्यं चढवा, कोटी करा — तरी तो एक उरतोच. हटत नाही!

"मी वळते," थोरली म्हणाली.

"म्हणजे तुमचं पुण्य जास्त?" मधली म्हणाली.

धाकटी मंजुळा म्हणाली, "सोडून देऊ या. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. कसं सारखं वाटलं जातं! देव काय मोजत बसणार आहे?"

"मग तो लाख नव्हे गं," कोपऱ्यातून द्वारकाबाई म्हणाल्या. मंजुळेनं वळून पाहिलं. सासूबाईंचा डावा हात मांडीवरच्या कापसाच्या पुंजक्यावर होता. सकाळपासून एकट्याच प्रयत्न करत होत्या आणि वात काही वळत नव्हती.

मंजुळेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जवळ जाऊन बसली आणि कापसाचं टोक धरलं. "आई, तुम्ही पीळ द्या. मी नुसतं धरते."

सासूबाई म्हणणारी आज 'आई' म्हणाली, बरं का! दुपार गेली, पण वात झाली. वाकडी, एका बाजूला जाड. देवापुढे तीच सगळ्यांत आधी लावली, आणि तिच्यावरून बाकीच्या.

मंडळी, तुमच्याही घरी कुणालातरी 'नुसते बसा' म्हणून बसवलेलं असेल. प्रेमानंच बसवलंय, मला ठाऊक आहे. पण आज घरी गेलात की वाटणीतलं एक काम उरू द्या. आणि ते त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवा. टोक मात्र तुम्ही धरा.