पंख्यावरची नावं

माझं माहेर शहागडचं, हायवेला लागूनच घर. बाप ट्रकात माल चढवायचा-उतरवायचा, पुलावरून गाड्या जायच्या अन आम्ही पोरी त्यांच्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचत बसायचो, माझं वाचन तिथंच पक्कं झालं म्हणा. दहावी झाले, मंग लगीन होऊन इकडं आष्टीच्या बाजूला आले. मालक हायस्कुलात प्रयोगशाळेचे शिपाई व्हते. ते काविळीनं गेले, पोरगी प्रज्ञा तवा दुसरीला, अन त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं. पहिल्या दिवशी त्या बाटल्या बघून घाम फुटला मला. पण काय सांगू तुम्हाला ताई, सहा महिन्यांत मी अशी तयार झाले की मोरचूद कोणता, नवसागर कोणता, कशाची ज्योत हिरवी अन कशाची लाल, सगळं तोंडपाठ. नवीन सर आले की हळूच मलाच इचारायचे, कांताबाई, हे असंच करत्यात ना? गर्व न्हाई करत, पण हाये ते हाये.

तर आमच्या हायस्कुलाला ग्रँट हाये, पण वर अकरावी-बारावी सायन्स काढलं त्याला दमडी न्हाई. लॅब म्हणजे नुसती पत्र्याची खोली, नळ न्हाई, मी हापशावरून बादल्या आणून आणून कंबर मोडून घेतली. उन्हाळ्यात लेकरं चक्कर येऊन पडायची. मंग प्राचार्य सरांनी पालकांची मीटिंग घेतली. सर वाईट माणूस न्हाई बरं का, मी त्यांच्या माघारीबी तसं म्हणणार न्हाई, गोड बोलायचे, शाळेसाठी जीव टाकायचे. ते म्हणले, शाळा तुमची हाये, ज्यानं त्यानं एक एक वस्तू द्या, कुणी पंखा द्या, कुणी कपाट, कुणी टेबल, अन लेकरांच्या प्रॅक्टिकलची काळजी आमच्यावर सोडा. आता प्रॅक्टिकलचे तीस मार्क शाळेच्याच हातातले, तर काळजी सोडा म्हणजे काय ते सगळ्याला बराबर कळलं. मलाबी कळलं. पण नळ आला ताई, बेसिन आलं, चार पंखे आले, मी खूष. खोटं कशाला बोलू, त्या नळाखाली पहिल्यांदा हात धुतला तवा मला मार्काफिर्काचं काहीच वाटलं न्हाई.

अन वर मीच शहाणपणा केला. म्हणलं सर, देणाऱ्याचं नाव पाहिजे. आमच्या विहाराच्या पायरीवर नाव असतंय, देवळातल्या घंटीवर नाव असतंय, मंग शाळेच्या पंख्यावर का नको? सरांनाबी पटलं. मी स्वतः बाजारातून पेंटर धरून आणला. त्यानं लाल रंगात झ्याक लिहिलं, पंख्याच्या पात्यावर, कपाटाच्या दारावर, अमुक अमुक, बारावी सायन्स, याजकडून सप्रेम भेट. बापांनी बापाचं नाव न्हाई घातलं, लेकराचंच घातलं, हौस!

परीक्षेच्या आधीच मार्कांची यादी तयार. पेन्सिलीनं लिहिलेली. ज्यानं वस्तू दिली त्याला अठ्ठावीसच्या वर, न्हाई दिली त्याला सतरा, अठरा. मनीषा म्हणून एक पोरगी व्हती, मायबाप ऊसतोडीला जाणारे, पोरगी आजीजवळ राहून शिकायची, वर्गात सगळ्यात हुशार, तिला सतरा. अन माझी प्रज्ञाबी त्याच वर्गात, तिला एकोणतीस. सर म्हणले, कांताबाई, तुम्ही घरच्याच, तुम्हाला कशाला वस्तू मागायची. प्रज्ञाला सरकारी कॉलेजात फार्मसीच्या डिप्लोमाला जायचं व्हतं, तिथं बारावीच्या मार्कावर नंबर लागतो, एक एक मार्क सोन्याचा. मी गप बसले ताई. आठ दिवस गप बसले.

बाहेरून परीक्षक येत्यात त्यांचं दरसाली ठरलेलं, आले, ऑफिसात बसले, जेवले, सह्या केल्या, गेले. पण त्या साली भोकरदनकडून एक मॅडम आल्या, बारीकशा, पांढरे केस. जेवायचं नंतर बघू म्हणल्या अन सरळ लॅबमधी येऊन बसल्या. सरांनी त्यांना ती यादी सहीला दिली. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं, अन उकडत व्हतं म्हणून वर पंख्याकडं बघितलं. पंखा लाईट गेल्यामुळं थांबलेला. पात्यावर तेच नाव. मॅडमनी मंग कपाट बघितलं, टेबल बघितलं, अन एक एक नाव यादीशी ताडून राह्यल्या. पेंटर मीच आणला व्हता ना!

मंग मॅडम म्हणल्या, ही प्रज्ञा कोण? हिचं नाव तर कुठंच दिसंना, हिला एकोणतीस कशाचे? सर दारात उभे. मी सरांकडं बघितलंच न्हाई. म्हणलं मॅडम, ती माझी पोरगी हाये अन ते माझ्या गप बसायचे मार्क हायेत. खोडा ते. सगळ्यांची परीक्षा घ्या, पहिली तिची घ्या.

घेतली त्यांनी. लाईटबी आली तेवढ्यात. एक एक लेकरू उभं केलं, पावडरीची पुडी दिली, वळख म्हणल्या. तो पंखेवाला पोरगा बर्नर पेटवायला गेला, अन पंखा बराबर त्याच्याच डोक्यावर, ज्योत पेटली की विझायची, पेटली की विझायची, त्याला काही उमगंना. शेवटी मीच म्हणलं, बाळा, आधी तुझा पंखा बंद कर. मॅडमसुद्धा हसल्या. मनीषानं मात्र सगळं बिनचूक करून दाखवलं, अठ्ठावीस घेतले. प्रज्ञाला चोवीस.

घरी आल्यावर प्रज्ञा म्हणली, आई, तू तुझी इज्जत राखली, माझे पाच मार्क घालवले. महिनाभर बोलली न्हाई. फार्मसीच्या ॲडमिशनची यादी लागली, मनीषाचं नाव आलं, प्रज्ञाचं थोडक्यात हुकलं. लेकीचं वाटोळं केलं असं भाऊबंद तोंडावर म्हणले. मी रडले, पण तरीबी मला तो दिवस परत दिला तर मी हेच करीन, हे मी तवाबी म्हणलं अन आजबी म्हणते. सरांनी लॅबची चावी काढून घेतली, मला गेटवर बसवलं. तिथूनच येताजाता सर मला म्हणायचे, कांताबाई, आता पंखे कोण देणार? त्यांचंबी बिलकुल खोटं न्हाई. शाळेला पैसा पाहिजेच. पण मी म्हणते झोळी घेऊन घरोघर हिंडू, मी येते संगं, मार्क इकू नका.

प्रज्ञानं जालन्याला बीएस्सी केली, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला, आता दवाखान्यात लॅबला हाये. मागच्या महिन्यात माझे चुलत दीर घरी आल्ते. त्यांच्या पोराला नोकरी लागून राह्यली व्हती, रिपोर्ट द्यायचा व्हता अन रक्तात साखर लई निघाली. दीर म्हणले, प्रज्ञा, घरचा भाऊ हाये, जरा कमी लिही की, तुझं काय जातंय? मी चुलीपाशी भाकरी थापत व्हते, तशीच थांबले. ती म्हणली, काका, माझं काहीच जात न्हाई, त्याचे डोळे जातील. रिपोर्ट बदलणार न्हाई, पण उद्या त्याला घेऊन या, मी स्वतः डॉक्टरांपाशी नेते. दीर चहा न घेता उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला घेऊन दवाखान्याच्या दारात उभे.

असं हाये ताई. मला रिटायर व्हायला दोन वर्षं राह्यली, गेटवरच, जातील तीबी. तुमच्या लेकराबाळांचं मंगल होवो, अन त्यांना मिळतील ते मार्क त्यांचेच असोत.