सोळा पानांचं शरीर

…तर तळहाताला चार टाके घालून झाले, पट्टी बांधून झाली, मी चपला पायात सरकवल्या आणि दारातली नर्स म्हणते कशी, "आजी, बरोबर कोण आहे?" बरोबर कोण आहे म्हणजे? मी आहे की माझ्याबरोबर! पण नाही. सत्तरीपुढच्या माणसाला सोबत्याच्या सहीशिवाय सोडायचं नाही, असा म्हणे दवाखान्याचा नियम. मी काय पार्सल आहे, कुणीतरी सही करून न्यायला?

तुम्हाला सांगते, मी पडले ती काही म्हातारपणामुळे नाही. स्टुलावर चढून फळीवरचा पत्र्याचा डबा काढत होते, मान वर केली आणि कानातलं पाणी हललं… हसू नका! कानाच्या अगदी आत पाणी असतं, ते हललं की मेंदूला कळतं, माणूस उभा आहे की आडवा. मला कसं ठाऊक? शाळेत गेले चौथीपर्यंत, पण छापखान्यात तीस वर्षं कागद दुमडले. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, त्याला फर्मा म्हणतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकाचा एकच फर्मा दरवर्षी माझ्या टेबलावर यायचा. हात दुमडायचे, डोळे वाचायचे. सोळाच्या सोळा पानं तोंडपाठ! पण शेवटचं पान संपायचं कुठे, तर "एका पेशीच्या दोन पेशी होतात. त्यानंतर त्या दोन पेशी"… खलास! पुढचा फर्मा पलीकडच्या टेबलावर, आणि तिथली बाई अशी खट, की वाकून बघितलं तरी कागद पालथा घालायची. "तुझं तू दुमड!" पुस्तकाची शिलाई व्हायची दुसऱ्या गावी, त्यामुळे अख्खं पुस्तक कधी बघितलंच नाही. आज टाके घालता घालता डॉक्टरला विचारलं, "त्यानंतर त्या दोन पेशी काय हो?" तो म्हणाला, "आजी, बरोबर कोण आहे?"

आणि शरीराच्या आत बघा! तळहात फाटल्याबरोबर केवढी धावपळ! रक्तातल्या बारक्या चकत्या भोक बुजवायला पळाल्या, पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडल्या, लढता लढता मेल्यासुद्धा बिचाऱ्या. ताप आला तर समजायचं, आतल्यांनीच भट्टी पेटवलीय. एकीलाही फोन करावा लागला नाही हो! आणि बाहेर? बाहेर बरोबर कोण आहे!

लेकीला फोन करता आला असता. दोन तासांवर राहते. पण ती काय म्हणणार, तिच्याच आवाजात ऐका: "आई, बास झालं! आता तू एकटी राहायचं नाहीस." की लागलं माझ्या घराला कुलूप, आणि मी तिच्या सोफ्यावर, टीव्ही आणि इस्त्रीचे कपडे यांच्या मधोमध. नको! माझी किल्ली माझ्या कमरेलाच बरी.

बसले बाकावर. एक तास… दीड तास… शेजारी एक म्हातारा, कपाळाला पट्टी, चष्म्याला एकच काडी. घड्याळं दुरुस्त करायचा म्हणे. हळूच विचारतो, "बाई, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"तुम्हीही सुरू झालात?"

"तसं नाही हो. मलाही सोडत नाहीयेत."

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे, आणि सहीच्या कागदांची अदलाबदल झाली! तो माझा सोबती, मी त्याची.

"नातं काय लिहू?" म्हणतो.

"भाऊ लिहा."

"नवरा लिहिलं तर?"

"तर आणखी चार टाके पडतील!"

नर्सनं कागद बघितले, आम्हाला बघितलं. "भावाबहिणीला एकाच दिवशी लागलं?"

"आमच्याकडे सगळं वाटून घ्यायची सवय आहे," मी म्हटलं.

सुटलो! फाटकापर्यंत बरोबर चाललो. त्यानं माझी पिशवी धरली होती. तुम्हाला म्हणून सांगते, चहा घेता का, असं अगदी जिभेवर आलं होतं… पण त्यानं पिशवी परत दिली, म्हणाला, "येतो." मी म्हटलं, "या." तो डावीकडे, मी उजवीकडे. वळून बघितलं नाही. मान वळवली की कानातलं पाणी हलतं ना!

घरी आले, माझ्या किल्लीनं माझं दार उघडलं. विचारायला कुणी नव्हतं, बरोबर कोण आहे म्हणून. मग डोक्यात उजेड पडला, तीस वर्षं जिच्यासाठी मान वाकडी केली ती ओळ अशी असणार: त्यानंतर त्या दोन पेशी आपापल्या घरी जातात… आता मला सांगा, यात कागद पालथा घालण्यासारखं काय होतं?